काजळाची सायकल

आमच्या पडवीत एक सायकल भिंतीला टेकून उभी असायची आणि तिच्या अंगावर घोंगडी असायची. थंडीत असायची, भर वैशाखातही असायची. सायकल मोडलेली नव्हती. चाकं फिरत, घंटी वाजे. पण जो माणूस तिच्यावर बसून रोज शाळेत जायचा तो काविळीनं अंथरुणाला खिळला आणि पुन्हा उठलाच नाही. तो माझा नवरा. जानेफळात त्यांना सगळे मास्तर म्हणत, म्हणून मीही मास्तरच म्हणते.

घरात मग आम्ही दोघीच उरलो, मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. विहिरीजवळ आमचा भाजीचा लहानसा मळा होता. मेथी, वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायची आणि बाजाराच्या दिवशी त्यांनी टोपली डोक्यावर घेऊन निघायचं, असं चाललेलं. मी जन्माची तापट आणि त्या जन्माच्या अबोल. दोन बायका एका घरात राहून भांडत नाहीत याचं गावाला नवल वाटे. भांडायला दोघींनी बोलावं लागतं, एवढी साधी गोष्ट गावाच्या ध्यानात येत नव्हती.

नवं राज्य झालं होतं. जिल्हा परिषदाही नव्या होत्या आणि लहान लहान खेड्यांत एका खोलीच्या, एका शिक्षकाच्या शाळा उघडत होत्या. मास्तर गेल्यावर मी बुलढाण्याला राहून ट्रेनिंग केलं होतं. आत्याबाईंनीच पाठवलं होतं, आणि तेही न बोलता, कपड्यांचं गाठोडं बांधून हातात देऊन. परत आले, बरेच दिवस वाट पाहिली आणि एकदाची ऑर्डर आली. गाव आमच्यापासून तीन कोसांवर. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडेल त्या दिवशी हजर व्हायचं.

तीन कोस जायचं आणि तीन कोस यायचं. त्या वाटेला मोटार नव्हती. बैलगाड्या जायच्या त्या फक्त बाजाराच्या दिवशी. तिकडेच राहावं तर आत्याबाई एकट्या. आणि माहेराहून भावाचं पत्र येऊन पडलेलं, की नोकरीचं जमत नसेल तर निघून ये, पाटाचं बघू. आमच्यात दुसऱ्या लग्नाला बंदी नव्हती. पण मला पाट नको होता आणि भावाच्या घरची चूलही नको होती. मला ती शाळा हवी होती. आणि शाळा हवी तर सायकल हवी. मी गेले असते माहेरी तर आत्याबाईंना त्या घरात भाकरीसाठी हाक मारणारंही कोणी राहिलं नसतं. हे दोघींनाही ठाऊक होतं, पण ते बोलून दाखवणार कोण?

सायकल मला येत होती. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, तुरी निघालेल्या मोकळ्या वावरात मास्तरांनी शिकवली होती. नऊवारी लुगड्याचा कासोटा घातला की पुरुषी सायकलच्या दांड्यावरून पाय टाकायला काही अडत नाही, हे शहरातल्या पाचवारीवाल्यांना सांगून पटायचं नाही. मास्तर मागं कॅरिअर धरून धावायचे. एकदा मी बरीच लांब गेले आणि काहीतरी विचारलं. उत्तर येईना म्हणून मागं बघितलं, तर ते पार धुऱ्यावर, वावराच्या कडेला, उभे राहून हसत होते. मी तिथंच पडले. आजही डोळे मिटले की ते वावर दिसतं. ऊन पांढरं आहे, कुठंच कोणी नाही आणि मी चालवतेच आहे. स्वप्नात मात्र मी पडत नाही.

तर मी एकदा धीर करून विचारलं, "आत्याबाई, गाडी काढू का?"

त्या दोन दिवस मळ्यातच राबत राहिल्या. तिसऱ्या दिवशी मळ्यातून आल्या, पाय धुतले आणि घोंगडी काढून चौघडी केली. सायकलीकडे बराच वेळ बघितलं. दांड्यावरचा रंग पार लोखंडापर्यंत झिजला होता, कारण मास्तरांचं धोतर तिथंच रोज घासायचं. हँडलखाली त्यांचा गुडघा लागे, तिथं एक रुपयाएवढा चट्टा होता आणि त्यात गंज बसला होता. मडगार्डचे तर पोपडेच निघाले होते.

"अशी भंगार गाडी घेऊन जाशीन त लोक काय म्हनतीन?" त्या म्हणाल्या. "मास्तराची गाडी गंजवली म्हनतीन. रंग लाव तिले."

मला वाटलं, सुटले.

सायकलदुरुस्तीचं एकच दुकान होतं, बाजारपेठेच्या तोंडाशी. तिथले मिस्त्री म्हातारे होते आणि कोणतंही काम सांगितलं की आधी सुस्कारा टाकायचे. ते घरी आले. चाकं काढली, हँडल काढलं, चेन काढून रॉकेलच्या डब्यात बुडवली आणि नुसता सांगाडा ओसरीवर ठेवला. मग काचकागदाचे चार तुकडे माझ्या हातात देऊन म्हणाले, "वयनी, हे सारं खरडून काहाडा. लोखंड दिसलं पाह्यजे. मंग रंग."

आत्याबाई दारात बसून मेथी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"खरडाचं कायले? वरूनच लावा," त्या म्हणाल्या. "आमी जमीन सारोतो तवा काय जुनी जमीन खांदून काहाडतो काय?"

"मावशी, जमीन पेते. लोखंड पेत नाही," मिस्त्री म्हणाले. "जुना निंगल्याशिवाय नवा धरत नाही."

"नाही धरला तरी चालन. खरडाचं नाही."

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं, सुस्कारा टाकला आणि उठून गेले. सांगाडा ओसरीवर तसाच पडून राहिला. आता मला उमगलं. रंग लावणं म्हणजे त्यांना सारवणासारखं वाटलं होतं. खाली जे आहे ते तसंच राहील, वर फक्त चांगला हात फिरेल. धोतरानं घासलेली ती जागा काचकागदानं निघून जाणार, हे त्यांना आत्ता कळलं. आणि ती जागा त्या रोज सकाळी, कोणी बघत नाही असं समजून, घोंगडीखाली हात घालून चाचपत असत. मी बघत असे. बघून न बघितल्यासारखं करण्यात मी तोवर पटाईत झाले होते.

शाळा उघडायला वीस दिवस उरले होते. मला राग आला. राग त्यांचा नव्हता, त्या दांड्याचा होता. मेलेल्या माणसाच्या घासलेल्या जागेपायी मी जिवंत बाई भावाच्या दारी जाऊन बसणार? असा विचार आला आणि आला म्हणून लाजही वाटली. मग मी एक चोरटा मार्ग काढला. दांडा सोडून दिला आणि मागच्या बाजूनं, सीटखालच्या नळीपासून खरडायला सुरुवात केली. त्या नळीशी मास्तरांचा काही संबंध नव्हता. आत्याबाईंनी ऐकलं, पाठ फिरवली आणि मेथी निवडत राहिल्या.

काचकागदाचा तो आवाज मला फार आवडायला लागला. कार्तिकाचं ऊन ओसरीवर अर्ध्यापर्यंत यायचं. एकसारखी खरखर, खरखर, आणि मध्येच कुठंतरी होला घुमायचा. हात चालत राहिले की डोकं सैल सुटतं. मी कुठल्या कुठं जायची. कधी वाटायचं मी सायकल नाही, एखादं जनावर खरारा करून धुते आहे आणि ते डोळे मिटून उभं आहे. काळी भुकटी लुगड्यावर पडायची. आणि मग एका दुपारी त्या काळ्यातून हिरवं दिसलं.

आधी वाटलं डोळ्यांपुढं आलं. पुन्हा घासलं. हिरवाच. काळ्याखाली चांगला पोपटी हिरवा रंग होता आणि त्याच्याखाली लोखंड. म्हणजे सायकल आधी हिरवी होती. म्हणजे ती कोणाची तरी वापरलेली होती आणि वरून काळा मारून विकली होती.

मी आत्याबाईंना हाक मारली. त्या आल्या, वाकल्या आणि नखानं खरवडून बघितलं.

"मले म्हने कोरी हाय," त्या म्हणाल्या. "खामगावच्या दुकानातून कोरी आनली म्हने."

"मलाही तेच सांगितलं होतं."

"म्या नारय फोडला. हार घातला. साऱ्या गल्लीले साखर वाटली कोऱ्या गाडीची."

त्या खाली बसल्या. मला वाटलं आता रडतील. पण त्यांचे खांदे हलायला लागले आणि तोंडावर पदर घेऊन त्या हसत होत्या. मास्तर गेल्यापासून मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. मग मीही हसले. दोघी त्या उघड्या सांगाड्यापाशी बसून इतक्या हसलो, की शेजारीण भिंतीवरून डोकावली आणि काही अशुभ तर नाही ना म्हणून बघून गेली.

"लबाड मेला," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "पयल्यापासूनच लबाड. घे, खरड सारं."

मी दांडा खरडला. त्या समोर नव्हत्या, मळ्यात निघून गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा सांगाडा नुसता लोखंडाचा, राखाडी, ओळख नसलेला झाला होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही. पण रात्री जेवताना म्हणाल्या, "बाजारचा रंग नाही लावाचा. माह्या लेकाच्या गाडीले मी देतो रंग."

मी दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना विचारलं, घरी रंग होतो का. ते म्हणाले, होतो. त्यांच्या वडिलांच्या वेळी गाड्यांच्या चाकांना तोच द्यायचे. जवसाचं तेल कढवायचं, त्यात दिव्याची काजळी घोटायची. हात दुखून येतात, पण वर्षानुवर्षं निघत नाही. "पन मास्तरीनबाई, काजयी लय लागते," असं म्हणून त्यांनी सुस्कारा टाकला.

काजळी आत्याबाईंनी धरली. पाच पणत्यांत एरंडेल घालून त्या ओळीनं मांडल्या. दोन्ही बाजूंना विटा आणि विटांवर तांब्याची ताटं पालथी. खिडकीला पोतं लावून वारा बंद. दुपारी सगळं गाव सामसूम असताना त्या अंधाऱ्या खोलीत पाच ज्योती सरळ उभ्या राहायच्या आणि आत्याबाई त्यांच्यापुढं बसलेल्या. बोलणं नाही, हलणं नाही. मी दारातून बघायची. कधी कधी मलाही तिथं बसून डुलकी लागे, आणि जागी झाले की किती वेळ गेला ते कळायचं नाही. ताट उलटं केलं की मऊमऊ काळं दिसे. कोंबडीच्या पिसानं त्या ते अलगद डबीत सारत. सात दिवस हे चाललं. वाड्यावस्तीतल्या बाया विचारायच्या, कोणाकडे पाळणा हलला का? एवढं काजळ कशाला? आत्याबाई म्हणायच्या, "हाय एक लेकरू."

डबी त्यांनी माझ्या हातात दिली तेव्हा आतलं काजळ ओलसर, चकचकीत होतं. कोरडी भुकटी असेल असं मला वाटलं होतं. पण मला वाटून काय, काजळ धरण्यातलं मला काय कळत होतं? आमच्या घरात धरायला लेकरूच झालं नव्हतं. मी ते कढवलेल्या तेलात घातलं आणि पाट्यावर घोटघोट घोटलं. मिस्त्रींनी कुंचला दिला होता. तीन हात दिले, दर दोन हातांमध्ये एक दिवस. सांगाडा आढ्याला दोरीनं टांगला होता. संध्याकाळी त्याच्यावर चुलीचा उजेड पडला की काळा रंग खोल खोल दिसे, विहिरीत वाकून बघावं तसा. असा काळा मी पुन्हा कधी कोणत्या सायकलवर बघितला नाही.

शाळेच्या आदल्या दिवशी पहाटे मी बोट लावून बघितलं. चांगली कडाक्याची थंडी होती. बोटाला काही लागलं नाही. वाळला. मिस्त्रींनी चाकं बसवली, घंटी बसवली. ते म्हणाले, "सोनेरी पट्टी मारून देऊ?" आत्याबाईंनी मान हलवली. नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. पारावर बसलेली माणसं बोलायची थांबली. एकानं खोकून घेतलं. मी घंटी वाजवली, उगीचच, समोर कोणी नसताना. नव्या फिकट लुगड्याचा कासोटा घातला होता, कॅरिअरला डबा आणि हजेरीचं कोरं पुस्तक बांधलं होतं. गाव मागं पडलं आणि दोन्ही बाजूंना कापूस लागला, फुटलेला, पांढरा. कुठं ज्वारीची कणसं वाटेवर वाकलेली. धुकं अजून जमिनीवर होतं आणि त्यातून मी अशी चालले होते, की पाय कोणाचे, पायडल कोणाचं, काही समजू नये. मी मोठ्यानं काहीतरी बोलत होते. काय ते आठवत नाही. मास्तरांशी नव्हते बोलत, एवढं नक्की. मी खूप आनंदात होते.

शाळा म्हणजे मातीची एक खोली आणि पुढं उघडं अंगण. झाड नाही. सायकल भिंतीला उन्हात लावली. पोरं वीस-पंचवीस, निम्म्यांना शर्ट होता आणि निम्म्यांना चड्डी होती. नावं लिहून घेता घेता दुपार झाली. मी जेवायची सुट्टी दिली आणि भाकरी खाऊन फळ्यावर तारीख लिहीत बसले. पोरं आत आली तेव्हा मी वळले आणि हातातला खडू तसाच राहिला.

सगळ्यांच्या डोळ्यांत काजळ. नुसतं पोरींच्या नाही, पोरांच्याही. कोणाच्या गालावर तीट, कोणाच्या कपाळावर. एका धीट पोरानं तर मिशा काढल्या होत्या.

"हे काय?" मी टेबलावर पट्टी मारली. "कुठून आणलं?"

पुढच्या ओळीतली एक मुलगी, सहा वर्षांची असेल, उभी राहिली.

"बाई, तुमच्या गाडीले काजय हाय."

"तो रंग आहे."

"नाही बाई. काजयच हाय. तूप हाय त्याच्यात. माह्या मायच्या काजयावानीच वास येते."

मी बाहेर गेले. सायकल उन्हात उभी होती आणि घामेजली होती. बोट लावलं तर बोट काळं झालं. नाकाशी नेलं. जवसाचा उग्र वास होता आणि त्याच्या आत, अगदी खाली, घरच्या तुपाचा. थंडीत तूप थिजतं आणि उन्हात सुटतं, एवढं चौथीतलं पोरही सांगेल. आत्याबाईंनी काजळी धरली आणि लेकराच्या डोळ्यांसाठी घोटतात तशी लोण्याच्या तुपात घोटून मला दिली होती. तूप काही वाळत नाही. सात दिवसांची काजळी आणि तीन हात रंग, तो जन्मात वाळणार नव्हता.

मी उंबऱ्यावर बसले. दांड्यावर लहान लहान बोटांचे ओरखडे होते आणि खालचं लोखंड दिसत होतं. मला रडू आलं. पोरांसमोर रडणं बरं नाही म्हणून मी त्यांना पाढे म्हणायला सांगितले, आणि ती काजळ घातलेली पोरं बे एके बे ओरडत राहिली, तोवर मी रडून घेतलं.

येताना लुगड्याची वाट लागली. मांड्यांपासून घोट्यांपर्यंत काळे फराटे. पारावरची माणसं या वेळी खोकलीसुद्धा नाहीत, सरळ हसली. मला एकच भीती होती. आत्याबाई ही सायकल बघतील आणि पुन्हा घोंगडी घालतील. म्हणतील, त्याचीच इच्छा नाही. मग शाळा गेली. मग भाऊ. तीन कोस मी हेच घोकत आले, आणि भीती वाटली की मला राग येतो, त्यामुळे दारात पाय ठेवला तो रागानंच.

"आत्याबाई, काजळात तूप कशाला घातलं?"

त्या चुलीपाशी होत्या. "नाही घातलं त डोये झोंबतीन ना," त्या म्हणाल्या.

"सायकलला डोळे कुठं आहेत?"

त्या बाहेर आल्या. माझ्या लुगड्याकडे बघितलं, सायकलीकडे बघितलं. दांड्यावर हात फिरवला आणि तळवा बघितला. मग हळूच खाली बसल्या.

"मले याद नाही तूप कवा घातलं," त्या म्हणाल्या. "हात आपोआप चालले. काजय धरून मले तीस वर्सं झाले. आखरीचं त्याचंच धरलं होतं. मले वाटे, त्याचंच धरून राह्यलो."

माझा राग कुठं गेला मला कळलं नाही. मी त्यांच्याजवळ बसले. सात दिवस त्या अंधाऱ्या खोलीत त्या कुठं होत्या, ते मला आता कळत होतं. मी समजत होते की डुलक्या मलाच लागतात.

"हे कोनं पुसलं?" दांड्यावरच्या ओरखड्यांवर बोट ठेवून त्यांनी विचारलं.

"पोरांनी. सगळ्यांनी डोळ्यांत घातलं."

"डोयात? जवसाचं तेल हाय त्यात, वं. झोंबलं नाही?"

"नाही झोंबलं बहुतेक. एकानं मिशा काढल्या."

त्यांनी मान वर केली. "कोन कोन हाय शायेत? सांग मले."

मी सांगत बसले. धीट पोराचं सांगितलं. वासावरून तूप ओळखणाऱ्या मुलीचं सांगितलं. दोन भावांत एकच शर्ट होता, म्हणून एक आला की दुसरा दारामागं थांबे, त्यांचं सांगितलं. आत्याबाई ऐकत होत्या आणि मध्ये मध्ये विचारत होत्या. तिची माय काय करते? तो कोणाच्या गल्लीतला? त्या पोरीचं नाक गळते काय? मास्तर गेल्यापासूनच्या चार वर्षांत आम्ही दोघी इतकं बोललो नव्हतो. चूल विझून गेली. आम्ही दूध-भाकर खाल्ली आणि तिथंच पडवीत, सायकलीशेजारी, बोलता बोलता झोपलो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. जाग आली ती खरखर ऐकून. ऊन वर यायचं होतं. आत्याबाई सायकल आडवी घालून बसल्या होत्या, हातात रॉकेलची चिंधी आणि माझा उरलेला काचकागद. दांडा त्या स्वतः घासत होत्या. जोर लावून, ओठ घट्ट मिटून, खरकटी कढई खरडावी तशा. मी उठून बसले तर म्हणाल्या, "निज तू." मी निजले नाही. पण उठलेही नाही. त्यांचे हात काळे झाले होते, कोपरापर्यंत.

सगळं लोखंड दिसायला लागलं तेव्हा त्यांनी मिस्त्रींना बोलावणं पाठवलं. मिस्त्री आले, सांगाड्यावरून हात फिरवला आणि या वेळी सुस्कारा टाकला नाही.

"बरं खरडलं. आता डब्याचा मारतो, दोन दिवसांत वायते. उद्याच्या दिवस पायी जावं लागन वयनीले," ते म्हणाले. मग नेहमीसारखे आत्याबाईंकडे वळले. "मावशी, कोन्ता रंग मारू?"

आत्याबाई हात धूत होत्या.

"मले काय इचारता?" त्या म्हणाल्या. "तिले इचारा. गाडी तिची हाय."

मिस्त्री माझ्याकडे बघत उभे राहिले. आणि मला, एवढ्या तोंडाळ बाईला, एका रंगाचं नाव आठवेना.